चौदाशे सतरा दिवस गैरहजर

पत्र आलं तेव्हा अभिमन सपकाळेची अर्धी दाढी झाली होती. डावा गाल साफ, उजव्यावर साबण, अशा अवस्थेत तो जळगावच्या टॉवर चौकामागच्या वनाच्या सलूनात मान मागं टाकून बसला होता. पोस्टमनला त्याच्या पिंप्राळ्याच्या घरापर्यंत सायकल हाणायचा कंटाळा आला होता, म्हणून त्यानं पाकीट थेट त्याच्या मांडीवर ठेवलं. पाकिटावर इंग्लंडच्या राणीचं तिकीट होतं आणि आत हाँगकाँगच्या सरकारी कचेरीचं एकच पान. अभिमनचं इंग्रजी जहाजावरच्या स्वयंपाकघरात शिकलेलं, म्हणजे मिठापासून अंड्यापर्यंत पक्कं आणि पुढं अंदाजानं. पण हे पत्र इतकं स्वच्छ होतं की अंदाजाला जागाच नव्हती. ब्रिटिश वसाहतीचा नागरिक व्हायचं तर अर्जाच्या आधीची पाच वर्षं माणूस वसाहतीत राहिलेला हवा. त्या पाच वर्षांत साडेचारशे दिवसांपर्यंत तो बाहेर असला तर सरकार समजून घेतं. आपण स्वतः भरून दिलेल्या तपशिलाप्रमाणे आजच्या तारखेपर्यंत आपण चौदाशे सतरा दिवस गैरहजर आहात, सबब अर्ज विचारात घेता येत नाही. तारीख नऊ जानेवारी एकोणीसशे नव्वद. खाली सही करणाऱ्यानं स्वतःला अभिमनचा आज्ञाधारक सेवक म्हटलं होतं.

“काय भाऊ, कोणी गेलं का?” वनानं वस्तरा हवेतच थांबवून विचारलं.

“मीच.”

“कुठं?”

“तेच विचारताहेत.”

वनाला वाटलं, शिकलेल्या माणसाची गंमत असेल. तो हसला आणि उजव्या गालाकडे वळला, तोवर अभिमन खुर्चीतून उठून रस्त्यावर गेला होता. समोरच्या आरशात मात्र त्यानं आधी स्वतःला नीट बघून घेतलं होतं. होता. अर्धा साबणात, पण होता. मग ते लोक म्हणतात ते चौदाशे सतरा दिवस कुठं होता? एक माणूस तीन वेळा चूल पेटवतो, अठ्ठावीस लोकांना जेवू घालतो, भांडी मोजून ठेवतो, तोंड धुऊन झोपतो, आणि हे सगळं करताना तो गैरहजर असतो, हे कसं काय? शाळेतसुद्धा गैरहजर पोराला भाकरी थापायला लावत नाहीत.

गोष्ट नुसत्या कागदाची असती तर त्यानं कागद खिशात घालून उरलेली दाढी केली असती. पण या कागदाला दोन खोल्या चिकटल्या होत्या. त्याच्या जहाज कंपनीच्या हाँगकाँगमधल्या गोदीत, जमिनीवर, कॅन्टीनमध्ये बड्या स्वयंपाक्याची जागा निघाली होती. तिच्याबरोबर दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, खिडकीतून डोंगर दिसणारं, आणि बायकोला आणायची मुभा. अट एवढीच की माणूस वसाहतीचा नागरिक पाहिजे. वच्छलेशी त्याचं लग्न होऊन एकवीस वर्षं झाली होती आणि त्यातली दोघं एका छपराखाली किती राहिली ते ती न अडखळता सांगायची, तीन वर्षं दोन महिने. मुलगी पुष्पा जन्मली, चालायला लागली, दहावी झाली, लग्न होऊन धुळ्याला गेली. या चारही बातम्या अभिमनला वेगवेगळ्या समुद्रांवर कळल्या. आता घरात वच्छला एकटी होती, आणि गेल्या दिवाळीपासून ती शेजारणींना सांगत होती की मी परदेशात जाऊन बाजरीची भाकरी थापणार आहे, बघा तुम्ही.

चित्रा टॉकीजपर्यंत तो चालत गेला. मग कशाला चालतोय ते आठवेना म्हणून परत फिरला. रिक्षा त्याच्या अंगावर आल्या आणि अंगावरून गेल्या, एकीनंही भोंगा वाजवला नाही. त्याला ते लागलं. सोन्याच्या दुकानांपाशी बायकांची गर्दी होती. गर्दी त्याच्यासाठी फाकली नाही आणि तरी तो पलीकडे निघाला. म्हणजे मधून गेला तरी कसा? जहाजाच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत त्या वसाहतीचंच नाव रंगवलेलं होतं. त्या नावाच्या आत तो झोपायचा, त्या नावाच्या आत त्याला ताप आला होता, त्या नावाच्या आत त्यानं बाप वारल्याची तार वाचली होती. पण नाव म्हणजे काही जमीन नव्हे, हे सरकारचं म्हणणं त्याला पटतही होतं, आणि पटत होतं हेच जास्त भीतीचं होतं. इकडं जळगावात रेशनकार्डावरून त्याचं नाव चौऱ्याहत्तर साली कमी झालं, कारण साखर नेणारा माणूस साखर खायला घरात नव्हता. मतदार यादी करणाऱ्या मास्तरांनी नावापुढे ‘बाहेरगावी’ लिहिलं आणि कुठल्या बाहेरगावी ते विचारलं नाही. तो इथं नव्हता याचा पुरावा होता, आता तिथंही नव्हता याचा आला. वना मागून धावत आला आणि त्यानं रस्त्यात, उभ्या उभ्या, उरलेला गाल साफ केला. त्या चार मिनिटांत अभिमनला जरा बरं वाटलं. वस्तऱ्याला तरी गाल लागत होता.

बोदवडकडच्या ज्या गावात तो वाढला तिथं पाणी ही बघायची नाही, आणायची गोष्ट होती. विहिरीचा तळ दिसायचा आणि पोरं तळात वाकून एकमेकांना हाका मारायची. तापी त्यानं पंधराव्या वर्षी पाहिली आणि एवढं पाणी नुसतंच पुढं चाललंय, कोणी भरून घेत नाही, हे बघून त्याला चोरी उघड्या डोळ्यांनी बघितल्यासारखं झालं. वरणगावच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वांगी चिरत तो स्वयंपाक शिकला. तिथली जागा गेली म्हणून मुंबईला गेला आणि गोदीत कोणीतरी विचारलं, शंभर माणसांची खिचडी एकट्यानं टाकशील का. तो म्हणाला, टाकीन. पुढचं वाक्य, ती हलणाऱ्या चुलीवर टाकायची आहे, हे त्याला एडनच्या अलीकडे कळलं. तेव्हापासून तो भंडारी झाला. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारीच म्हणतात. बाकीचे खलाशी रत्नागिरीकडचे, पाण्यात जन्मल्यासारखे. ते म्हणायचे, भंडारी, तुझ्या देशात होडी कशाला म्हणतात? तो म्हणायचा, आमच्यात होडीला शेत म्हणतात, जून महिन्यात. जगाची त्याची वाटणी मात्र शेवटपर्यंत साधी राहिली. खाली माती असेल तर गाव, खाली पाणी असेल तर समुद्र. मधलं काही त्याला ठाऊक नव्हतं आणि अर्ज भरताना त्यानं कोणाला विचारलंही नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या हातानं इंग्रजी फॉर्म भरायचा मान होता, तो त्यानं सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, कशाला दिला असता?

दुसऱ्या दिवशी असोद्याला झुलालच्या मळ्यात भरिताचं जेवण होतं. झुलाल त्याचा चुलतभाऊ. थंडीत कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, मुसळानं कुटायची, केळीच्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर खायची, आणि एकमेकांच्या सासरवाड्यांची उणीदुणी काढायची, असा तो दरसालचा बेत. अभिमन आयुष्यात चौथ्यांदा त्याला हजर होता. वांग्यांची साल करपल्याचा वास आला आणि त्याच्या पोटात जिथं जहाजाचं इंजिन अजून फिरत असायचं तिथं जरा शांत झालं. इथं आपण आहोत, त्यानं स्वतःला सांगितलं. इथं कोणी फॉर्म मागत नाही. मग झुलालनं पानं मांडण्यासाठी माणसं मोजली. बोट फिरवत, मोठ्यानं, सगळ्यांच्या डोक्यांवरून. “पंधरा!” पंधरा पानं मांडली गेली, पंधरा माणसं बसली, आणि सोळावा अभिमन हात धुऊन उभा राहिला. माणसं मोजणं हा त्याचा धंदा. त्यानं मनात आधीच सोळा मोजली होती, स्वतःला शेवटी, भंडाऱ्यानं मोजायचं तसं.

“अरे, तू उभा का?” झुलाल म्हणाला.

“पान नाही.”

“कसं नाही? बरोबर मोजली मी. हा, हा, हा...” त्यानं परत बोट फिरवलं, अभिमनपाशी आल्यावर बोट थबकलं. “हात् तिच्या! तू आहेस होय! काय करू भाऊ, तू आहेस हे ध्यानातच राहत नाही. सवय नाही ना.”

पंधराही जण पोट धरून हसले. कोणीतरी आपलं पान मधोमध फाडलं आणि अर्धं त्याच्यापुढं टाकलं. भरीत फर्मास झालं होतं. त्यानं दोनदा मागून घेतलं, मिरचीच्या ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं ते सगळ्यांसमोर खुशाल येऊ दिलं, आणि घरी येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून स्वतःच्या डाव्या हातानं उजवा दंड धरून ठेवला. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, थंडी वाजतेय.

पत्राबद्दल वच्छलेला सांगायचं त्यानं टाळलं होतं, पण ती शर्ट धुवायच्या आधी खिसे बघायची. तिला इंग्रजी येत नव्हतं. आकडा येत होता. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीकडून तिनं बाकीचं वाचून घेतलं, आणि अठरा तारखेच्या सकाळी अभिमन चहासाठी उठला तेव्हा त्याची लोखंडी पेटी घराच्या मधोमध उघडी होती आणि वच्छला तिच्यात कोपरापर्यंत शिरली होती. वच्छला धुळ्याकडची. एरवी ती जळगावी बोलायची, राग आला की माहेरच्या बोलीत जायची.

“काय शोधतेस?”

“चौदाशे सतरा दिन,” ती म्हणाली. मान वर न करता. “माले सांगेत व्हतात नोकरीवर शे. सरकार म्हनस, नोकरीवरबी नही, घरबी नही. मंग माणूस जास कोठे?”

“अगं, जहाजावर होतो.”

“ते मी एकवीस वरीस ऐकस.” आणि तिनं पेटीच्या तळातून तीन जाड वह्या वर काढल्या आणि पहिली उघडली. वहीच्या प्रत्येक पानावर अभिमनच्या हातचं मराठी होतं. तारीख, सकाळी काय रांधलं, संध्याकाळी काय, भाजी कोणती आली, खाली जेवणाऱ्यांच्या खुणा. आणि प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईत अंगठा. लहान, निमुळता, बाईचा. तिनं दहा पानं उलटली. पन्नास उलटली. दुसरी वही उघडली.

“हाऊ अंगठा कोना शे?”

“भाजीवालीचा.”

“रोज?”

“रोज. सकाळी होडी घेऊन यायची. दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, ती भाजी भरायची. टोपलीत वही आणि शाईची उशी पण सोडायचो.”

“कसाले?”

कशासाठी, हे आता कसं सांगायचं? बहात्तरच्या दुष्काळात त्याचा बाप हिलाल खडी फोडायला जायचा. एका आठवड्यात हजेरीच्या कागदावर अंगठा घ्यायचा राहिला, आणि साहेब म्हणाले, सपकाळे, हे सहा दिवस तू आलाच नव्हतास. बापाच्या हाताला फोड होते, ते त्यानं दाखवले. साहेब म्हणाले, फोड कुठंही येतात. त्यानंतर बाप मरेपर्यंत कोणी दारात आलं की, मग तो पाहुणा असो नाहीतर वासुदेव, त्याचा अंगठा घ्यायला बघायचा. अभिमननं ते हसण्यावारी नेलं आणि जहाजावर परत गेल्यावर तंतोतंत तेच केलं. त्याच्या चुलीपाशी आलेला माणूस वहीत खूण केल्याशिवाय जेवत नसे. खलाशी त्याला वेडा भंडारी म्हणायचे आणि खुणा करायचे, कारण भूक लागलेली असायची. हे सगळं त्यानं वच्छलेला सांगितलं, जसं आलं तसं, आणि वच्छलेनं त्यातलं काहीही ऐकलं नाही. ती वेगळ्याच ठिकाणी अडकली होती.

“हाई बाई रोज होडीत येस. अडीच वरीस.”

“अडीचला थोडे जास्त.”

“कोठून येस?”

“किनाऱ्यावरून. दहा मिनिटांवर तर होता.”

“अन् तुमनं जहाज?”

“जहाज कुठलं चालतंय! मालकाचं दिवाळं निघालं होतं. इंजिन बंद, नांगर टाकलेला. आम्ही सहा जण राखायला ठेवले होते. पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीपासून सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरपर्यंत जहाज एक हात हललं नाही. दुरून गावातल्या बसचा नंबर दिसायचा.”

वच्छलेनं वही मांडीवर ठेवली. राग तिच्या चेहऱ्यावरून उतरला नव्हता, पण त्याला दुसरं काम लागल्यासारखं झालं. “मग तुम्ही होतात कुठं?” ती हळू म्हणाली, जळगावीत.

“समुद्रावर,” तो म्हणाला. आणि म्हणताना त्याला तो फॉर्म दिसला, ते चौकोन, त्याचं स्वतःचं सुबक अक्षर. पंच्याऐंशी ते सत्त्याऐंशी, ठिकाण, समुद्रावर. खाली पाणी होतं, म्हणून. रत्नागिरीचा कोणीही पोर झोपेत म्हणाला असता, बंदरात होतो. मालवणचं कुत्रंसुद्धा म्हणालं असतं. बोदवडच्या माणसानं लिहिलं समुद्रावर, आणि सरकारनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि नेमका तेव्हा.

कलेक्टर कचेरीबाहेर कडुनिंबाखाली वाल्मीक टायपिंगचं मशीन घेऊन बसायचा. त्यानं वकिलीची दोन वर्षं केली होती. तिसरं त्याला सापडलं नव्हतं. पण अर्जाच्या बाबतीत भल्याभल्या वकिलांना तो ऐकवायचा. त्याच दिवशी दोघं त्याच्याकडे पोचली तेव्हा त्यानं पत्र वाचलं, वह्या चाळल्या, आणि मशीनवरची धूळ फुंकली.

“बंदर कोणाचं?”

“वसाहतीचं,” अभिमन म्हणाला.

“नांगर कुठं?”

“बंदरात.”

“तुम्ही कुठं?”

“जहाजात. पण भाऊ, खाली पाणी होतं.”

“विहिरीतल्या बेडकाला गाव नसतं का?” वाल्मीक म्हणाला. “पण तो साहेब म्हणेल, भाजीवालीच्या अंगठ्यावर मी राणीचं नागरिकत्व कसं देऊ? सरकारी माणूस कोणी आला होता का जहाजावर?”

“यायचा ना. बंदर खात्याचा. दर सोमवारी, दोर तपासायला. बरोबर जेवायच्या वेळेला यायचा.”

“आणि?”

अभिमननं पहिली वही उघडली आणि पहिल्या सोमवारच्या पानावर बोट ठेवलं. अंगठ्याच्या वर झोकदार इंग्रजी सही होती, खाली हुद्दा, आणि शेरा. खिचडी उत्तम. पुढच्या सोमवारी, वांगं जरा तिखट. त्याच्या पुढच्या सोमवारी, डाळ परत मिळेल का? एकशे चाळीस सोमवार, एकशे एकोणचाळीस सह्या. एका सोमवारी वादळ होतं म्हणून नव्हती. सरकारचा माणूस सरकारच्या बंदरात अभिमनच्या हातचं जेवून, तो तिथं आहे असं प्रत्येक आठवड्याला लिहून देत होता, आणि त्याच सरकारला तो गैरहजर सापडला होता. वाल्मीकनं जवळच्या दोन टायपिस्टांना हाक मारून सह्या दाखवल्या, आणि ते तिघं त्या वह्यांकडे, कोर्टात निकाल बाजूनं लागल्यावर लोक बघतात तसे बघत राहिले.

“नऊशे अठ्ठ्याहत्तर दिवस,” वच्छला म्हणाली. ती मागं उभी होती आणि घरूनच पानं मोजून आली होती. “चौदाशे सतरातून गेले तर चारशे एकोणचाळीस.”

“साडेचारशेच्या आत!” वाल्मीक ओरडला आणि लगेच त्याचं तोंड उतरलं. “थांबा. आकडा पत्राच्या तारखेपर्यंतचा आहे. नऊ तारीख. नवा अर्ज द्यायचा तिथं पोचून. तोवरचा इथला एकेक दिवस त्यात पडत जाणार. आज अठरा. म्हणजे चारशे अठ्ठेचाळीस झाले.”

“म्हणजे?”

“म्हणजे अभिमनभाऊ, घरात राहायला तुम्हाला उद्याचा आणि परवाचा दिवस आहे. एकवीसला तिथल्या जमिनीवर पाय. पोचल्याचा दिवस धरत नाहीत. बावीसला पोचलात, तर आणखी पाच वर्षं.”

तिकीट दहा फेब्रुवारीचं होतं. अभिमनच्या मनात एकदम सगळं दाटून आलं. तेवीस दिवस त्यानं मोजून ठेवले होते. पुष्पा येणार होती, तिच्या पोराला त्यानं अजून हातात घेतलं नव्हतं. छपराचे दोन पत्रे बदलायचे होते. जळगावच्या मातीवर त्याला नुसतं काही दिवस चालायचं होतं, कोणी पान मांडो न मांडो. त्यानं वच्छलेकडे बघितलं. हीच बाई, जी प्रत्येक वेळी त्याची बॅग लपवायची, एकदा तर बूट विहिरीत टाकले होते तिनं, ती आता काय म्हणेल?

वच्छलेनं पदर खोचला. “बसलात काय?” ती म्हणाली. “उठा! घरात एक दिवस जास्ती राहिलात तर बघा! वाल्मीकभाऊ, मारा टाइप. मी तोवर फोन लावते एजंटाला.”

पुढचे तीस तास अभिमनला आयुष्यात कोणी विचारलं नाही इतकं विचारलं गेलं. भाऊ, स्वेटर घेतला का, भाऊ, वह्या कुठं ठेवल्या, पोटाला बांधा. पिंप्राळ्याची अख्खी गल्ली त्याला घरातून हाकलायला जमली. पुष्पा धुळ्याहून पहाटेच्या एसटीनं आली, पोर त्याच्या हातात दिलं, आणि पोर रडायला लागायच्या आत म्हणाली, बाबा, गाडी चुकेल. झुलाल ट्रॅक्टर घेऊन आला. चार कोसांवरून मुद्दाम आला होता, आणि स्टेशनपर्यंत ट्रॉलीत बसलेली माणसं त्यानं मोजली ती अभिमनपासून सुरू केली. कोणीतरी ढोल आणला होता. प्लॅटफॉर्मवरच्या अनोळखी लोकांना वाटलं लग्नाचं वऱ्हाड आहे, आणि नवरा जरा वयस्कर आहे. गाडी हलल्यावर वच्छला खिडकीबरोबर पळाली आणि तिनं शेवटची ताकीद दिली. “तिथं पोचल्यावर होडीतबी बसू नका! पाण्याकडं बघायचंबी नाही!”

विमानात खाली रात्रभर काळं पाणी होतं, आणि अभिमन त्याच्याकडे न बघता बसून राहिला. बायकोचा शब्द होता. पण डोळे मिटले की बंदर दिसायचं. बंद इंजिनाच्या त्या अडीच वर्षांत रात्री इतकी शांतता असायची की किनाऱ्यावरच्या खोल्यांतली पोरं रडलेली ऐकू यायची, दूध आलं की गप्प झालेली ऐकू यायची. तो डेकवर उभा राहून दिवे मोजायचा. कोणत्या खिडकीत कोण उशिरा जेवतं, कोणाचा नवरा पाळीवर जातो, त्याला पाठ होतं. एकदा एका खिडकीतली म्हातारी आठ दिवस दिसली नाही तर त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवव्या दिवशी ती कपडे वाळत घालताना दिसली आणि त्यानं त्या दिवशी सगळ्यांना शिरा केला. का केला ते कोणाला सांगितलं नाही. सारंग वहीत खूण करून म्हणाला, भंडारी, आज कसला सण? आता, ढगांच्या वर, त्याला पहिल्यांदा सुचलं की ज्या गावातल्या म्हातारीसाठी माणूस शिरा करतो त्या गावात तो राहत असतो. एवढं साधं. फॉर्ममध्ये त्याला चौकोन नव्हता इतकंच. त्यानं हवाई सुंदरीकडून पाणी मागून घेतलं आणि ऐटीत प्यायला.

एकवीस तारखेला सकाळी त्यानं विमानतळाबाहेर दोन्ही पाय जमिनीवर ठेवले आणि थोडा वेळ नुसता उभा राहिला. मागच्या माणसानं शिवी दिली. कोणीतरी आपल्याला आडवं आल्याबद्दल शिवी देतंय, हे त्याला फार आवडलं. रविवार असल्यामुळे कचेरी बंद होती. सोमवारी काउंटरच्या पलीकडे एक तरुण, कोरडा साहेब बसला होता. त्यानं वाल्मीकचं टायपिंग वाचलं, वह्या एकेक करून उघडल्या. मराठी त्याला येत नव्हतं. सह्या येत होत्या. तो सोमवारमागून सोमवार वाचत गेला, आणि तिसऱ्या वहीपर्यंत त्याच्या कोरडेपणाला घाम सुटला, कारण सही करणारा आता बराच मोठा साहेब झाला होता आणि वरच्याच मजल्यावर बसायचा. तरुण साहेब वह्या घेऊन वर गेला. अभिमन खाली बाकावर बसला. पंचवीस मिनिटं. या पंचवीस मिनिटांत त्याला मनातून भीती वाटायला पाहिजे होती, आणि त्यानं शोधून पाहिली, पण ती सापडली नाही. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग जिन्यावर जड पावलं वाजली, आणि एक टकला, लठ्ठ गृहस्थ अर्ध्या जिन्यातून वाकून, सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात इंग्रजीत म्हणाला, “भंडारी! कुठं होतास इतकी वर्षं?”

“इथंच होतो, साहेब,” अभिमन म्हणाला.

चारशे पन्नास. तरुण साहेबानं आकडा दोनदा मोजला, एकदा पेन्सिलनं, एकदा यंत्रावर. एकही जास्त नव्हता. अर्ज घेतला गेला, शिक्का बसला, आणि मग कागद कागदाच्या चालीनं चालत राहिले. कॅन्टीनची जागा कंपनीनं राखून ठेवली. एप्रिलच्या एका दुपारी त्याला उभं करून शपथ दिली, हात मिळवला आणि एक जाड कागद दिला. कागद घेऊन तो सरळ टेलिफोनच्या कचेरीत गेला आणि पिंप्राळ्यातल्या रुपचंदच्या किराणा दुकानाचा नंबर लावला. कॉलच्या तीन मिनिटांतली दीड मिनिटं रुपचंदनं वच्छलेला हाका मारण्यात घालवली. फोनमधून जळगावची दुपार ऐकू येत होती. कुठंतरी डाळीची गिरणी चालू होती, कोणीतरी बर्फाच्या गोळ्यावर भांडत होतं. मग धापा टाकत तिचा श्वास आला.

गेल्या एकवीस वर्षांत प्रत्येक पत्रात, प्रत्येक फोनवर शेवटचं वाक्य तिचं असायचं आणि ते एकच असायचं. केव्हा येणार? त्यानं तिला ते म्हणायला वेळ दिला नाही.

“वच्छला,” तो म्हणाला, “केव्हा येतेस?”

पलीकडून रुपचंदचा आवाज आला, काय म्हणताहेत गं? आणि ती त्याला, दुकानातल्या सगळ्यांना, बहुतेक रस्त्यालाही सांगत होती, “माले बलावतस!” कोणीतरी डबा बडवला. कोणीतरी शिट्टी मारली. सेकंद पळत होते, आणि त्यातले एकूण एक सेकंद अभिमन तिथं होता.

“ऐकतेस का? केव्हा येतेस?”

“थांबा जरा,” वच्छला म्हणाली. आवाज ओला होता पण हिशेब पक्का होता. “ज्वारीचे बिबडे-पापड टाकलेत शेजारच्या गच्चीवर. ते वाळले की निघते.”